ओल्या पाटीवरची अक्षरं

आमच्या शेजारच्या कोमलाम्माला अजून वाटतं, की मी कुठल्या तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. तिची काही चूक नाही. सकाळी कॉफीचा टंबलर घेऊन ती आमच्या ओट्यावर येऊन बसते, तेव्हा मी फोनवर कुणाला तरी विचारत असते, "दुखतं कधी? उठल्या उठल्या, की जेवण झाल्यावर? खिडकी कुठल्या बाजूला आहे? चष्मा कधी बदलला?" एकदा तिनं आपल्या भावजयीलाच आणून पुढ्यात बसवलं. म्हणाली, "मामी, हिच्या डोळ्याला सारखं पाणी येतं. हिलाही एखादा रंग लिहून द्या की."

रंग लिहून देणं एवढं मात्र तिनं बरोबर ओळखलं होतं.

प्रोग्रॅम लिहिणारी माणसं कॉम्प्युटरवर ज्या पाटीवर लिहितात, तिला एडिटर म्हणतात. दिवसाचे आठ-दहा तास ती माणसं त्या पाटीकडे टक लावून बसलेली असतात. पाटी पांढरी असली तर तोंडावर कुणी टॉर्च धरून ठेवल्यासारखं होतं, म्हणून पुष्कळ जण काळी पाटी घेतात. पण नुसती काळी करून भागत नाही. कोडमध्ये शब्दांच्या जाती असतात. हुकूम देणारे शब्द एका रंगात, आकडे दुसऱ्या, अवतरणातला मजकूर तिसऱ्या, चुकलं की खाली लाल नागमोडी रेघ. हे सगळे रंग एकमेकांशी भांडणार नाहीत असे बसवायचे, त्या संचाला थीम म्हणतात. मी थीम करते. माझ्या थीमचं नाव ओलीपाटी.

आणखी एक जात सांगायची राहिली, ती कमेंटची. कमेंट यंत्रासाठी नसतेच. यंत्र ती वाचत नाही, ओलांडून पुढं जातं. ती माणसानं माणसासाठी लिहिलेली ओळ असते, की बाबा, हे असं का केलंय, इथं जपून जा. आमच्या धंद्यात कमेंटला बहुतेक जण मिणमिणता, राखेसारखा रंग देतात. कोड पुढं, कमेंट मागं. मीही तसाच दिला होता.

हे मी कुठल्या शाळेत शिकले नाही. इथं तंजावरला एका छापखान्यात वीस वर्षं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवल्या. छापखाना बंद पडला, तेव्हा एका लहानशा सॉफ्टवेअरच्या ऑफिसात टायपिंगला लागले. तिथल्या पोरी डोळे चोळत बसायच्या. मी म्हटलं, जांभळ्या पत्रिकेवर सोनेरी अक्षर वाचता येईल असं मी बसवून दिलंय, तर तुमची ही पाटी मला जमणार नाही होय? त्यांनी हसून एक फाइल उघडून दिली. त्यात सगळ्या रंगांची सहा-सहा आकड्यांची नावं होती. एक आकडा बदलला की रंग हलायचा. त्या दिवशी जेवायचं राहिलं.

पाटीचा काळा मी कावेरीच्या गाळावरून घेतला. तिरुवैयारुच्या बाजूला कालव्याचं पाणी उतरलं, की शेतात जो ओला काळा उरतो ना, तो. निव्वळ काळ्यावर अक्षरं फुटतात, कडा पसरतात. गाळाच्या काळ्यात थोडी माती असते, ती अक्षराला धरून ठेवते. आणि नाव ओलीपाटी कसाला, तर लहानपणी आम्ही पाटी ओल्या फडक्यानं पुसायचो आणि घाईनं ओल्यावरच लिहायचो. लिहिताना काही दिसायचं नाही. पाटी वाळत आली, की आपण लिहिलेलं एकेक अक्षर आपोआप वर यायचं. मला त्याची गंमत वाटायची आणि थोडी भीतीही. आता वाटतं, नाव देताना जरा विचार करायला हवा होता.

(या अंकाच्या संपादकबाईंनी माझं 'कसाला' सुधारून 'कशाला' केलं होतं. मी पुन्हा 'कसाला' करून घेतलं. आमच्या तंजावरी मराठीत तसंच म्हणतात.)

ओलीपाटी हवी तशी बदलून घेता येते. जमणारे आपल्या आपण बदलतात. न जमणारे मला लिहितात आणि मी त्यांच्यापुरती वेगळी फाइल करून पाठवते. एकाला लाल आणि हिरवा सारखेच दिसायचे, त्याच्या चुकांची रेघ मी निळी केली. एकानं मेलेल्या कुत्र्याचा फोटो पाठवला, पाटी त्याच्या पाठीच्या रंगाची हवी म्हणून. केली. कुठल्या तरी थंड देशातला एक गृहस्थ दर महिन्याला लिहायचा, "थोडी आणखी गडद." मी थोडी आणखी गडद करायचे. मग अक्षरंही थोडी मंद करा म्हणाला. वर्षभरात त्याच्या पाटीवर काय दिसत असेल हे मलाच समजेना. शेवटची फाइल पाठवली, त्याचं उत्तर आलं नाही. पुन्हा कधीच आलं नाही.

मी त्याला 'का' म्हणून विचारलं नव्हतं. तेव्हा माझा नियमच होता, गिऱ्हाइकाला का विचारायचं नाही. शिंपी विचारतो का, गळा एवढा बंद कसाला पाहिजे म्हणून? त्या नियमाचा मला अभिमान होता. दुसरा अभिमान असा, की मी आकडे बघून रंग लावत नाही, डोळ्यानं लावते. हे दोन अभिमान लक्षात ठेवा.

त्या डोळ्यांचीही गोष्ट सांगते. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होते आणि मला पत्ता नव्हता. लोक लिहायचे, "अम्मा, तुमचा राखाडी फार निळा आहे." मी उलट लिहायचे, "डोळे तपासून घ्या." एक-दोघांनी खरंच तपासून घेतले, असं कळलं. शेवटी माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यानं डोळा मोकळा केला, घरी आले, लॅपटॉप उघडला आणि किंचाळलेच. ज्याला मी इतके दिवस राख समजत होते, तो मोरपिसासारखा निळाशार! मोतीबिंदू पिवळट असतो, निळा गिळून टाकतो. एवढ्या जगाला मी काय दाखवत होते, आणि वर डोळे तपासा म्हणून सांगत होते. दोन दिवस बसून सगळे रंग दुरुस्त केले. ज्यांना वेगळ्या फाइली करून दिल्या होत्या, त्यांनाही नव्या पाठवल्या.

एक तेवढी राहिली. पापनाशमच्या जानकीची.

जानकीची फाइल मी त्याच आठवड्यात केली होती. उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी होती, डॉक्टरांनी स्क्रीन बघू नका म्हणून बजावलं होतं, आणि मी डाव्या डोळ्यानं चोरून काम करत होते.

जानकी आमच्यातलीच. घरात मराठी, रस्त्यात तमिळ, कामात इंग्रजी. देवनागरी तिला येत नाही, मराठी लिहायची तर इंग्रजी अक्षरांत लिहिते. तिचा थोरला भाऊ गोपाळ आणि ती, दोघं एकाच टेबलाशी बसून तांदळाच्या मिलांसाठी प्रोग्रॅम लिहायची. आमच्या भागात भात उकडून वाळवतात. वाळवायला चार मजली उंच लोखंडी कोठ्या असतात. आत गरम वारा सोडतात आणि तळाशी मळसूत्रासारखा जाड लोखंडी दांडा फिरतो, तो वाळलेलं भात खाली ओढून घेतो. कधी काय चालू, कधी काय बंद, हे गोपाळचा प्रोग्रॅम ठरवायचा. एक दिवस बसची वाट बघताना गोपाळच्या छातीत कळ आली आणि तो तिथंच गेला. चाळिशीही झाली नव्हती. काम जानकीच्या अंगावर आलं.

तिनं मला फोन केला तो या कारणानं. म्हणाली, "अक्का, मला कमेंट दिसायला नकोत."

"म्हणजे मंद करू?"

"मंद नाही. पाटीच्या रंगाच्या करा. मुळीच दिसायला नकोत."

माझा नियम होता तरी ती आपणहून सांगू लागली. गोपाळ कामाच्या कमेंट इंग्रजीत लिहायचा, पण बहिणीला काही सांगायचं असलं की घरच्या मराठीत लिहायचा. ती रागावली असली तर तिला हसवायला लिहायचा. "फाइल उघडली की तो बोलतोच आहे अक्का. सकाळी दार उघडावं आणि समोर बसलेला असावा, तसं होतं. पुसून टाकायला धीर होत नाही आणि वाचायलाही होत नाही."

मी म्हटलं, बुडवून देते. डाव्या डोळ्यानं कमेंटचा रंग पाटीत उतरवत नेला, उतरवत नेला, आणि अक्षरं पार गडप झाली तिथं थांबले. पाटीचेच सहा आकडे उतरवून घेतले असते तर काम क्षणात झालं असतं. पण ते मला कमीपणाचं वाटलं.

तीन दिवसांनी, डोळ्यावर अजून वाटी असतानाच, तिचा पुन्हा फोन आला. "अक्का, चुकून माऊसनं ओळी सिलेक्ट झाल्या. मागं उजळ पट्टा येतो ना, त्याच्यावर तो वर आला."

'तो' म्हणाली ती. अक्षरं नाही म्हणाली.

मी सिलेक्टचा पट्टाही इतका मंद केला, की कुणी वर येऊ नये.

"आता बरं आहे ना ग?"

"बरं आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "फक्त कर्सर रिकाम्या ओळीवरून चालतो तेव्हा एकेक पाऊल टाकत चालतो. तिथं काही नाही असं दिसतं, पण त्याला ठाऊक असतं."

माझ्या अंगावर काटा आला. आणि तरी मी काय विचारलं? "कर्सरची गती वाढवून देऊ का?" असं विचारलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मग कापणीचे दिवस आले. एका दुपारी मी जेवून आडवी होणार, एवढ्यात जानकीचा फोन.

"अक्का, थोडा वेळ माझ्याबरोबर बसाल? काही करू नका, नुसतं बसा. गोपाळअण्णाच्या एका फाइलीत हात घालायचाय. एकटीला होत नाही."

तिरुवैयारुच्या पुढच्या एका गावातली मिल होती. दारात भाताच्या लॉऱ्या लागल्या होत्या आणि मालक चिडला होता. कोठी मध्येच थांबवली आणि परत चालू केली, की तो दांडा लगेच फिरत नसे. अर्धा सेकंद फिरे, म्हणजे नुसता एक झटका देई, आणि पुढची तीन मिनिटं गप्प. मग चालू होई. दिवसात दहा वेळा थांबवायचं, दहा वेळा हेच. मालकानं सांगितलं होतं, चारच्या आत हे काढा, नाहीतर दुसरं माणूस बघतो. कापणीच्या दिवसांत हे काम गेलं असतं, तर तिच्याकडे दुसरं नव्हतं.

"अण्णानं काही तपासायला घातलं असेल आणि काढायचं राहिलं असेल," ती म्हणाली. "तीनच ओळी आहेत. झटका, थांबा, चालू. पहिल्या दोन काढल्या की झालं. बटण दाबलं की बदललेला प्रोग्रॅम इथूनच मिलमध्ये जातो."

तिनं आपली स्क्रीन मला दाखवायला सुरू केली. म्हणजे तिच्या पापनाशमच्या लॅपटॉपवर जे होतं, ते माझ्या तंजावरच्या लॅपटॉपवर दिसू लागलं. ऊन फार म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या. बाहेर कोमलाम्माचा रेडिओसुद्धा बंद होता. माझ्याच थीमची ती काळी पाटी, तिच्यावर रंगीत ओळी आणि मधे मधे मोठमोठ्या रिकाम्या जागा. तोंडातले दात पडावेत तशा. जिथं जिथं गोपाळ बोलला होता, तिथं तिथं काळं.

कर्सर खाली खाली गेला. एका रिकाम्या जागेत शिरला आणि तिच्यातून एकेक पाऊल टाकत चालू लागला. ती म्हणाली होती तस्साच.

आणि त्याच्या मागं मला अक्षरं दिसली.

अगदी गडद निळी. विहिरीच्या तळाशी काही असावं आणि नसावंही, तशी. मी चष्मा पुसला. अक्षरं तिथंच.

"जानकी, त्या झटक्याच्या वर काय लिहिलंय ग?"

"कुठं?"

"कर्सर आहे तिथं."

"तिथं काही नाही अक्का. रिकाम्या ओळी आहेत."

"अग, निळं आहे काहीतरी."

"नाही अक्का." तिचा आवाज बदलला. "मी बघतेय ना. काही नाही तिथं."

एकच पाटी दोघी बघत होतो. मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला. अक्षरं गेली, नुसतं काळं. हात काढून डाव्यावर ठेवला. अक्षरं परत आली. पुन्हा उजवा झाकला. गेली. एका डोळ्याला दिसतं आणि एकाला नाही, ती काय वस्तू म्हणायची? ओल्या पाटीसमोर बसलेली असताना वाटायची तीच भीती, साठी उलटल्यावर.

"अक्का, अशी थट्टा करू नका. मी काढून टाकते आता. पावणेचार झाले."

पहिली ओळ सिलेक्ट झालेली मला दिसली. तो मी केलेला मंद पट्टा.

"थांब," मी म्हटलं. "मी वाचते."

डावा डोळा हातानं दाबून धरला आणि नाक स्क्रीनला लावलं. इंग्रजी अक्षरांत आमची मराठी होती. मी एकेक शब्द जुळवत मोठ्यानं वाचू लागले.

"ठमे..."

जानकीनं मला मधेच तोडलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही ग. इथं लिहिलंय."

"मला ठमे म्हणणारं कुणी उरलं नाही अक्का. आमच्या घराबाहेर ते कुणाला ठाऊकही नाही."

मी वाचत राहिले. थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. "ठमे, हे काढू नको. दाराचं बटण खोटं बोलतं. भुसा बसलाय त्याच्यात, दार उघडं असलं तरी बंद म्हणून दाखवतं. मालकाला दोनदा सांगितलं. आत मुरुगेसन असेल. पायाखाली भात हललं की वर ये, म्हणून त्याला सांगून ठेवलंय. तीन मिनिटं लागतात त्याला. गुडघा दुखतो त्याचा."

कर्सर तिथंच लुकलुकत होता.

भात तळाशी अडकलं, की कोठीच्या वरच्या दारातून एक माणूस आत उतरतो, भाताच्या ढिगावर उभा राहतो आणि बांबूनं ढोसतो. तो आत असताना खाली दांडा फिरू लागला, तर भात त्याला ओढून घेतं. पाण्यात बुडावं तसा माणूस बुडतो. त्या मिलमध्ये हे काम मुरुगेसनचं, आणि दार उघडं असताना दांडा फिरू नये म्हणून दाराला ते बटण होतं. हे मला तिनं नंतर सांगितलं. तेव्हा तिनं फक्त दुसरा फोन उचलला आणि मिलला लावला. मला तिचं तमिळ ऐकू येत होतं आणि तिथल्या सुपरवायझरचंही.

"सेल्वमण्णा, तीन नंबरच्या कोठीत कुणी आहे?"

"कुणी नाही मॅडम. दार बंद दाखवतंय. झालं का तुमचं? मालक माझ्या डोक्यावर उभे आहेत."

"वर जाऊन बघा."

"दिवा हिरवा आहे मॅडम, बंदच..."

"सेल्वमण्णा, पाया पडते. जिन्यानं वर जाऊन डोळ्यांनी बघा."

लोखंडी जिन्यावर चपला वाजत वर गेल्या. एक मजला, दुसरा, तिसरा. मधे एकदा तो दम खायला थांबला. मग वरून त्याचा आवाज आला. आधी कुणाला तरी शिवी दिली, मग हाक मारली. आणि खूप खोलातून, डब्यातून यावा तसा, एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "काय रे? अजून अर्धं बाकी आहे."

सेल्वमनं फोन कानाला लावला. म्हणाला, "आहे. आत आहे मॅडम. दार सताड उघडंय." मग हळूच, "चालू करायचं सांगितलं होतं मालकांनी. तुमचा प्रोग्रॅम आला की लगेच."

जानकीनं त्या ओळींना हात लावला नाही. मालकाशी ती जे बोलली ते मी इथं लिहीत नाही. पण आपली ही सभ्य पोरगी एवढं बोलू शकते, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाराचं बटण बदललं गेलं. काम तिच्याकडेच राहिलं. मुरुगेसनला सेल्वमनं विचारलं, तुला हा झटका कसाला ते ठाऊक होतं का? तो म्हणाला, "होतं की. गोपाळसारनी सांगितलंय, पायाखाली हललं की वर ये." मग आम्हाला का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "मला कुणी विचारलं नाही."

तेच. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता तुम्ही म्हणाल, ती अक्षरं आली कुठून. त्यात भुताटकी काही नाही, माझी चूक आहे. मोतीबिंदूच्या डोळ्यानं मी कमेंट बुडवली, ती बुडालीच नव्हती. शेवटच्या दोन आकड्यांत निळा उरला होता, आणि डाव्या डोळ्यानं तो गिळला. मग जानकीला तरी कसा दिसला नाही? तिनं डोळे दुखतात म्हणून लॅपटॉपवर कायम पिवळा उजेड लावून ठेवला होता. हल्ली तशी सोय असते. तो उजेडही निळा खातो. पण स्क्रीन दुसरीकडे पाठवली, की पिवळा उजेड तिच्या घरी राहतो आणि खरे रंग तेवढे निघून येतात. ते माझ्या नव्या डोळ्यापुढं आले. आकडे न बघण्याची माझी घमेंड नसती, तर पाटी खरोखर कोरी राहिली असती. फाइल दुरुस्त करायला विसरले नसते, तरीही राहिली असती. एवढं सगळं मला समजतं, कुणालाही समजावून सांगता येतं. पण दुपारी खिडक्या लावलेल्या असल्या, की अजून मी त्या लॅपटॉपकडे पाठ करून बसत नाही.

पुढच्या आठवड्यात बसनं पापनाशमला गेले. जानकीनं डांगर पच्चडी केली होती, उडदाचं पीठ दह्यात कालवून करतात ती. गोपाळची खुर्ची टेबलाशीच होती, तिच्यावर मला बसवलं. मी म्हटलं, "आता सांग, कमेंटला कुठला रंग देऊ? आणि का, तेही सांग." तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते. चार-दोन गिऱ्हाइकं चिडून गेली. जाऊ देत. थंड देशातल्या त्या गृहस्थालाही मी लिहिलं, की बाबा, तुम्हाला एवढा अंधार कसाला हवा होता? उत्तर नाही. अधूनमधून पुन्हा लिहिते.

जानकीनं खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "पिकलेल्या भाताचा द्या." चांगला रंग. पिवळा असल्यामुळं मोतीबिंदूतून जातो, पिवळ्या उजेडातूनही जातो. ओलीपाटीत आता सगळ्यांनाच कमेंट तशा मिळतात. कुणाला बुडवायच्या असल्या तर आपल्या हातानं बुडवाव्यात, मी बुडवून देत नाही.

रंग लावला आणि फाइल वरपासून खालपर्यंत उजळली. गोपाळ किती बोलला होता! कुठं आपल्या सासूच्या सांबाराला नावं ठेवली होती, कुठं नुसतंच "ठमे, पाठ सरळ कर." ती हसत होती आणि पदरानं तोंड पुसत होती. मी उगाच चष्मा पुसत बसले. मग ती त्या तीन ओळींपाशी आली. गोपाळच्या कमेंटच्या खाली, त्याच्यासारखीच इंग्रजी अक्षरांत, तिची एक ओळ होती. ती तिनं त्या दुपारीच लिहून ठेवली होती म्हणे.

"थांबले, अण्णा."

मी सवयीनं उजव्या डोळ्यावर हात ठेवला. मग डाव्यावर ठेवला. ओळ दोन्ही डोळ्यांना दिसत होती.